पट्टीचं दुसरं टोक

दिवाळी आटोपली की खोडाळ्याच्या बाजारात टेम्पो येऊन उभे राहतात. मागचं फळकूट पाडलेलं, आत गोधड्या, टोपल्या, पाय बांधलेली एखादी कोंबडी, आणि मग माणसं. आमच्याकडे याला जगायला जाणं म्हणतात. अमकी कुठे आहे, तर जगायला गेली. म्हणजे भिवंडीकडे नाहीतर वसईकडे, वीटभट्टीवर. मग मागे राहिलेले आम्ही इथे काय करतो, असा प्रश्न कुणाला पडत नाही.

माझं बाजारात शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. चाळिशी उलटली, केस पिकले, मशिनच्या खडखडाटाने कान निम्मे गेले, पण टेम्पोचा भोंगा मला बाजाराच्या त्या टोकाहून ऐकू येतो. ऐकला की पोटात गोळा उठतो. तळहात गार पडतात, घशाला कोरड पडते, छाती धडधडायला लागते. समोरची बाई विचारते, "काय झाला बाय?" मी म्हणते, "पित्त." माझं पित्त दरवर्षी नेमकं दिवाळीनंतरच कसं खवळतं, हे विचारायला तिला सवड नसते.

लहानपणी मी अशाच टेम्पोतून जायचे. साखरशेतच्या आमच्या पाड्यावर भात आणि नागली घरात आली की आईबाप निघायचे, ते पावसाच्या तोंडावर परतायचे. आश्रमशाळेत घालेपर्यंत माझं प्रत्येक वर्ष असं दोन तुकड्यांचं होतं. भट्टीवर कच्च्या विटा रचून केलेली खोपी असायची, वाकून आत शिरावं लागे अशी. आई थापणीला असायची. चिखलाचा गोळा साच्यात आपटायचा, वरून हात फिरवायचा, साचा उलटा करून वीट जमिनीवर सोडायची आणि उकिडव्यानेच जरा मागे सरकायचं. दिवसभर ती अशी मागे मागे सरकत राही आणि तिच्यापुढे विटांची ओळ वाढत जाई.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला पक्की आठवते. आईच्या जुन्या लुगड्याची फाडलेली पट्टी माझ्या कमरेला बांधलेली असे. एका अंगाला पाण्याचा खड्डा, दुसऱ्या अंगाला पेटलेली भट्टी, मधून ट्रकची ये-जा. अशा जागी दुडदुडतं पोर मोकळं कोण सोडेल? सगळ्याच आया बांधायच्या. पुढे शिकले, चार शहाण्या माणसांत उठबस झाली, तेव्हा मला त्याची लाज वाटायला लागली. गुरासारखं आपल्याला बांधून ठेवत होते, हे मी कुणाला सांगत नसे.

मागच्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण भट्टीवरून परतली. ती, मेहुणा आणि आई साखरशेतला एकाच घरात राहतात. मेहुणा घरजावई आहे, आणि स्वभावाने इतका गरीब की आईशी त्याच्या वतीने भांडायलासुद्धा मलाच जावं लागतं. त्यांना एकच पोर, तेव्हा चार वर्षांची होत आलेली. जाताना ही पोर कोंबडीशी बोलायची, चुलीशी बोलायची, दारातल्या माझ्या चपलांशी बोलायची. परत आली ती गप्प होऊन.

गप्प म्हणजे घसा बसला नव्हता. आवाज होता, पण तो फक्त झोपेत किंचाळताना यायचा. भाताचा घास तोंडात घेऊन गिळायचा सोडून तसाच धरून बसायची. घरात भांडं पडलं तर खेळायला आलेली शेजारची पोरं वळून बघत. ही बघत नसे, जागच्या जागी आक्रसून जाई, आणि पुढे कितीतरी वेळ तिचं काळीज असं उडत राही की झग्यावरून दिसायचं.

त्यात पाणवठ्यावर आंघोळ घालताना बायांनी तिच्या कमरेवरचा वळ पाहिला. "पोर हाय का बकरी?" असं एकीने बहिणीला तोंडावर विचारलं. बहिणीला ते इतकं लागलं की घरी येऊन तिने ती पट्टी चुलीत घातली. आता पोरीला मोकळं वाटेल, असं घरातल्या सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. पोरीने घराच्या मधल्या मेढीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी खांबाला, मिठी मारली ती सोडेचना. खाणंपिणं तिथे, आणि न सांगण्यासारखं बाकीचंही तिथेच.

भगताने अंगारा लावला, बाहेरचं आहे म्हणाला. गावातल्या दवाखान्यातून ताकदीचं सिरप आणलं. पोरीने दोन्ही मुकाट्याने घेतलं आणि परत मेढीपाशी जाऊन बसली. मग बहिणीने मला फोन केला.

मी दुकान बंद ठेवून जीपने गेले. घाईत मापाची टेप गळ्यात तशीच राहिली होती. पोर मेढीपाशी बसलेली. मला पाहून उठली, जवळ आली, माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळायला लागली. गाठ तिला येईना. तिने टेपची टोकं माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. बांध म्हणून.

माझं डोकंच फिरलं. मी बहिणीवर धावून गेले. "काय करून ठेवलंस या पोरीचं?"

ती माझ्यापेक्षा मऊ, पण त्या दिवशी तीही उसळली. "तुला काय ठाव बाय? तू दुकानात सावलीला बसतेस. तिथं भट्टी पेटलेली असते. बांधू नको तं काय करू, ओच्यात घालू?"

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती आम्हा दोघींना म्हणाली, "भांडा. ती ऐकतेय." आम्ही वळून पाहिलं. पोर परत मेढीला चिकटली होती आणि तिचा झगा छातीवर उडत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिला घेऊन जव्हारला गेलो. मुलांच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान असतील. मला वाटलं, आता ही बहिणीला झापणार, आणि झापली तर काय बोलायचं ते मी जीपमध्येच ठरवून ठेवलं होतं. त्यांनी झापलं नाही. पोरीला नळी कानाला लावू दिली, तिचंच काळीज तिला ऐकवलं, वजन केलं, कमरेवरचा वळ पाहिला. मग बहिणीला शांतपणे विचारलं, "त्या पट्टीचं दुसरं टोक कुठे असायचं?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

"मेढीला," बहीण म्हणाली. "खोपीच्या मेढीला. यंदा मी थापणीला नव्हती, वाहणीला होती. डोक्यावर विटा, इथून उचल, तिथं टाक. पोर कमरेला घेऊन कशी चालू?"

"मग ती पट्टी ओढायची?"

"ओढायची. रडायची. लांबून दिसायची माला." बहिणीने पोरीचा झगा नीट खाली ओढला. "मग ओढायची बंद झाली. माला वाटला, शिकली."

डॉक्टरीणबाईंनी पोरीला उचलून बहिणीच्या मांडीवर बसवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी आमच्या भाषेत. लहान पोराला भीती वाटली की त्याचं अंग पळायच्या तयारीला लागतं. काळीज जोरात चालतं, पोट बंद पडतं, कान उभे राहतात. आई आली, उचललं, पाठीवरून हात फिरवला, की ते सगळं उतरतं. पोर आपलं आपण ते उतरवू शकत नाही, त्याला मोठं माणूस लागतं. हिच्या अंगात ते रोज चढत होतं आणि उतरवायला कुणी येत नव्हतं. आता भट्टी सुटली, पण अंग अजून भट्टीवरच आहे. म्हणून घास उतरत नाही, झोप टिकत नाही, शब्द फुटत नाही. "हे वेड नाही आणि हट्टही नाही," त्या म्हणाल्या. "उतरेल. पण ओढलं की पलीकडे कुणीतरी आहे, हे तिच्या अंगाला पुन्हा कळायला हवं. त्याला वेळ लागेल." मग त्या बहिणीकडे वळल्या. "आणि तुम्हाला झोप लागते का?"

इतकी वर्षं कुणी तिला हे विचारलं नसेल. ती पदरात तोंड घालून रडायला लागली. मी बाजूला बसून माझे हात चोळत होते. ते गार पडले होते. माझ्या पित्ताचं नाव काय, हे मला त्या बाकड्यावर कळलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेलं, "तू मला बांधायचीस तेव्हा मीही अशीच झाले असेन."

आईने सूप खाली ठेवलं. "मी तुला कधी बांधली?"

"नाही बांधलंस? ती लुगड्याची पट्टी माझ्या कमरेला नव्हती?"

"तिचा दुसरा टोक माझ्या कमरेला होता," आई म्हणाली. "मग मी पण बांधलेलीच ना? तू ओढायचीस, मी ओढायची. हात चिखलाचे, मागं वळून बघू तं मुकादम वरडायचा. मग कमरेनंच हिसका द्यायची तुला. हाय गं, हाय, म्हणायची."

हाय गं, हाय. आईने ते म्हटलं आणि मला कमरेपाशी तो हिसका जाणवला, इतक्या वर्षांनी. हलकासाच, पट्टी ताठ होऊन सैल पडायची तसा. मी एवढी वर्षं एकच टोक लक्षात ठेवलं होतं आणि त्याचीच लाज बाळगत बसले होते. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, "पुरे आता, तांदूळ वले होतील."

पुढच्या आठवड्यात मी नवी पट्टी शिवून नेली. अस्तराचं मऊ सुती कापड, काचणार नाही अशी रुंद, आत दुहेरी शिवण. एक फास पोरीच्या कमरेला, एक बहिणीच्या. बहीण आधी तयार होईना. "बाया काय बोलतील?"

"बोलू देत. त्यांचे ब्लाऊज माझ्याकडेच येतात शिवायला," मी म्हटलं. "बघते एकेकीकडे."

पट्टी कमरेला बसली आणि पोरीने मेढ सोडली. तेवढं लगेच झालं. बाकीचं सावकाश. आवणी सुरू झाली तेव्हा बहीण खाचरात वाकून रोपं लावायची आणि पोर बांधावर इरलं घेऊन बसायची. बसायची आणि ओढायची. बहीण हातातली रोपं न सोडता कमरेने हिसका द्यायची, "हाय गं, हाय." पोर परत ओढायची. परत हिसका, परत हाय. पहिल्या दिवसांत तिने इतकं ओढलं की बहिणीच्या कमरेवर वळ उठला. मी गेले तेव्हा तिने तो मला पदर बाजूला करून दाखवला, नवा दागिना दाखवावा तसा.

कधीकधी मेहुणा पट्टी आपल्या कमरेला बांधून घ्यायचा. चिखलणीत बैलांच्या मागे तो आणि त्याच्या मागे बांधाबांधाने पोर. बाया हसायच्या, बैल कोणता आणि औतकरी कोण, विचारायच्या. तोही हसायचा. आणि पोरीने ओढलं की मोठ्याने ओरडायचा, "हाय!" त्या आवाजाने बगळे उडायचे.

मी जाईन तेव्हा पट्टीला एक तुकडा जोडायचे. दुकानात उरलेलं कापड काय कमी असतं? गणवेशाचा निळा, कुणाच्या लग्नातला लाल, परकराचा पिवळा. पट्टी वाढत गेली तशी पोर लांब जायला लागली. बांधावरून आंब्याखाली, आंब्याखालून शेजारच्या पोरींपाशी. ओढणं कमी झालं. घास गिळायला लागली, गाल भरले. बोलत मात्र नव्हती. जव्हारला दर महिन्याला नेत होतो. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, घाई नको. मला घाई होती. नागली पिवळी पडायला लागली होती आणि दिवाळी जवळ येत होती.

मग एका दुपारी बहिणीचा फोन आला. फोनवर नुसतं रडणं. मला वाटलं, आई गेली. मी मशिन सोडून उभी राहिले. "काय झालं? बोल ना!"

"ती बोलली," बहीण म्हणाली.

नागली कापताना बहिणीच्या लक्षात आलं होतं की बऱ्याच वेळात पट्टी हललीच नाही. पट्टी करवंदीच्या जाळीमागे गेलेली, पोर दिसत नव्हती. आता ओढायची पाळी हिचीच होती. हिने ओढली. काही नाही. परत ओढली, जोराने. आणि जाळीमागून आवाज आला, चांगला चिडका.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"हाय गं, हाय! असा खेकसली माझ्यावर," बहीण म्हणाली, आणि आम्ही दोघी फोनवर हसत रडत राहिलो. गिऱ्हाईक बिचारं हूक लावलेला ब्लाऊज हातात घेऊन उभंच होतं.

दिवाळी आली. मुकादम पाड्यावर फिरायला लागला. भट्टीवर एकटा माणूस घेत नाहीत, जोडी लागते, नवरा-बायको. मेहुण्याने जायचं म्हणजे बहिणीला जावंच लागणार होतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की पोर माझ्याकडे खोडाळ्याला राहील. मला मूलबाळ नाही. मी तिच्यासाठी दोन फ्रॉक शिवले, दुकानाच्या मागच्या खोलीत छोटी खाट टाकली, अंगणवाडीत सांगून ठेवलं.

बहीण नाही म्हणाली. "आता कुठं तिचा भ्या उतरला, बाय. मी गेली तं परत चढंल."

मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या माझ्या बाजूने बोलतील अशी माझी खात्री होती. त्या म्हणाल्या, कुणालाच जावं लागू नये हेच खरं औषध, पण ते माझ्या कपाटात नाही. पोरीला आत्ता आईची गरज आहे. जायचंच असेल तर पट्टीचं टोक मेढीला जाऊ देऊ नका. मी परतीच्या जीपमध्ये बहिणीशी एक शब्द बोलले नाही. मला राग आला होता. खरं तर मला ती पोर हवी होती.

मुकादम अंगणात आला तेव्हा मी तिथेच होते. बहीण पुढे झाली. लहानपणापासून माझ्या मागे लपणारी ती, त्याच्यासमोर नीट उभी राहिली. "थापणीला घेशील तं येईन. वाहणीला नाय. पोर माझ्या कमरेला राहील."

मुकादम हसला. "पोर कमरेला बांधून काम होत नाय, वैनी."

आई दारातून बोलली. "या दोघींना कमरेला बांधून मी तुझ्या बापाच्या टेम्पोतून गेलेली. एक वीट कमी पडली का, इचार त्याला." मुकादमाने मान खाजवली. बरं म्हणाला आणि पुढच्या घराकडे वळला. मी फ्रॉक बहिणीच्या गाठोड्यात कोंबले.

निघायच्या दिवशी मी साखरशेतच्या फाट्यावर गेले. नेहमी टाळते. भोंगा वाजला आणि पोटात गोळा आला. तळहात गार, घसा कोरडा, सगळं नेहमीसारखं. गोधड्या चढल्या, माणसं चढली, मेहुणा चढला, बहीण चढली. पोर फळकुटापाशी येऊन उभी राहिली, निळ्या फ्रॉकमध्ये. तिने माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला, देव जाणे. तिने आपल्या कमरेचा फास काढला आणि वाकून माझ्या हातात दिला. पट्टीचं दुसरं टोक बहिणीच्या कमरेला होतं.

मग तिने पट्टी मध्यावर धरून ओढली. मी खांबासारखी उभी. तिने परत ओढली, जोराने, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "मावशी! हाय म्हण ना."

"हाय गं," मी म्हटलं. "हाय."

टेम्पो हलला. बहिणीने पोरीला कमरेशी घट्ट धरलं. पट्टी माझ्या मुठीतून सरकत गेली, पिवळी, लाल, निळी, आणि शेवटचा फास बोटांतून निसटला. टेम्पो वळणाआड गेल्यावर मी मूठ उघडून पाहिली. माझे तळहात गरम होते.